कापलेला सदरा आणि साडेसहाची बंदूक, याची हकीकत

मुलूख विस्कॉन्सिन, प्रांत उत्तर, जेथे नोव्हेंबरात ओढे गोठतात आणि शाळा, लग्ने, बारशी व दातांचे डॉक्टर सर्व हरणांच्या हंगामापुढे हात जोडून उभे राहतात, तेथील ग्रुनवाल्ड घराण्यात गतसाली जी नामुष्की गुदरली आणि यंदा जी फत्ते जाहली, तिचा मजकूर पदरचे तिखटमीठ न लावता, लावलेच तर चवीपुरते लावून, येथे लिहिला असे. वाचणाराने चित्त स्थिर करावे. हसू आल्यास दाबू नये, पोटात कळ येते.

मूळ ऐसे. दलदलीच्या काठी ग्रुनवाल्डांची लाकडी खोपी, तिला ते कॅम्प म्हणत, आणि कॅम्पात कायदा ऐसा, की ज्याचा नेम चुकला त्याच्या सदऱ्याची मागली शेपटी कापावी, तीवर नाव व साल लिहून शेगडीमागील भिंतीस खिळ्याने ठोकावी, आणि कात्री धरण्याचा मान ज्याचा सदरा आदल्या साली कापला गेला त्याचा. सलग दोन साल ज्याची शेपटी कापली जाईल, त्याचे मचाण जप्त होऊन दुसऱ्यास जावे. येणेप्रमाणे तीन पिढ्यांचा अंमल अबाधित चालिला.

ऐसे असता गतसाली घराण्याची कन्या हेडी, अंगात कैलासवासी आजोबांचा तांबड्या चौकडीचा लोकरी सदरा, हाती ड्वेन काकांनी मोठ्या मेहेरबानीने उसनी दिलेली तीनशेची मॅग्नम नामे दांडगी बंदूक, ऐसी आजोबांच्याच मचाणावर बसली असता शिंगाळा नर हाक मारली तर वळून पाहील इतका जवळ येऊन कोठाराच्या दारासारखा आडवा उभा राहिला, आणि बार ऐसा जाहला की हरीण न पडता हेडीच पडली, मग एक निरपराध बर्च झाड जखमी जाहले, आणि हरीण शेपटीचे पांढरे निशाण दाखवीत निघून गेले. त्या साली कात्रीचा मान हेडीच्या बाबांचा, रोलंड यांचा. त्यांनी आपल्याच दिवंगत पित्याचा सदरा, लेकीची नजर चुकवीत, कापिला.

ते मचाण आजोबांनी जाताना हेडीच्या नावे केले होते, आणि त्यावर ड्वेन काकांची नजर बहुत दिवसांची. यंदा नेम चुकता तर मचाण गेले. सबब हेडीने उन्हाळाभर कस्टर्ड आइस्क्रीमच्या दुकानात कोन भरभरून खजिना जमविला, अठरा पुरी होताच बंदुकीचा मनसुबा जाहीर केला, आणि अट घातली की बंदूक अचूक पाहिजे, परंतु बंदूक, दुर्बीण आणि सरावाची काडतुसे मिळून सातशे डॉलरांपलीकडे दिडकी जाणार नाही.

मग रविवारी चर्च सुटल्यावर आजी लव्हर्न यांच्या स्वयंपाकघरात खलबत बसले. टेबलावर ब्रॅटवुर्स्ट सॉसेजांची परात, आणि भोवती कारभारी. बाबांचा पक्ष तीस-शून्य-सहा नामे जुन्या बंदुकीचा, कारण त्यांच्या वडिलांची तीच होती, आणि वडिलांच्या वडिलांचीही होती, यापलीकडे युक्तिवाद नाही. ड्वेन काका, बंदुकशास्त्रात स्वयंघोषित सरलष्कर, ज्यांची दाढी हंगामाआधी महिनाभर राखलेली आणि आवाज बारमाही राखलेला, त्यांचे फर्मान मॅग्नमचे.

“अगं, हरीण आहे ते, चिमणी नाही,” काका म्हणाले. “दणका पाहिजे दणका!”

“दणका मला बसला, काका. हरणाला नाही.”

“तुझ्या खांद्यात दम नाही, त्याला माझी बंदूक काय करणार?”

“ड्वेन,” आजी परात सरकवीत वदल्या, “तोंडात घाल काहीतरी.”

खलबत निकालावाचून उठले. परंतु हेडीने मनात पक्के केले की दणक्याचा नाद सोडावा, आणि मग बाबांसह शहरच्या दुकानी कूच केले.

दुकानी प्रथम मोहिनी पडली. अक्रोडाच्या लाकडाची एक बंदूक, ऐसी गुळगुळीत, ऐसी लखलखीत, की हेडीने गाल टेकविताच तिला आपण तैलचित्रात बसल्यासारखे वाटले. परंतु किंमत पाहता सारा खजिना लाकडातच जाऊन दुर्बिणीच्या जागी डोळे बारीक करणे प्राप्त होते. मग मालक लायल यांनी मागील मांडणीतून एक साडेसहा मिलिमीटरची काढिली. दस्ता काळ्या प्लास्टिकचा, रूप बादलीच्या नात्यातले, परंतु नळी उत्तम, चाप हलका, आणि धक्का सौम्य.

“दिसायला काही नाही हिच्यात,” लायल म्हणाले. “पण पोरी, हरीण काही आरसा घेऊन येत नाही.”

हेडीने दोन्ही बंदुकी पुनःपुन्हा खांद्यास लाविल्या, अक्रोडाच्या बाईसाहेबांकडे एकवार हळहळून पाहिले, आणि काळीस रुजू करून घेतले. उरलेल्या द्रव्यात बऱ्यापैकी दुर्बीण बसली आणि काडतुसांच्या पेट्याही आल्या. बाबांनी तीस-शून्य-सहाबद्दल एक उसासा टाकिला. तो मोफत होता.

त्या उपरी नेमबाजी क्लबाच्या मैदानी चाचणीची लढाई जाहली, आणि ती सपशेल हरली. शंभर यार्डांवर कागद लाविला, हेडी मेजाशी बसली, वाळूच्या पिशवीवर काळी टेकविली, आणि गोळ्या ऐशा पांगल्या की एक नैर्ऋत्येस, एक ईशान्येस, आणि एक कागदाबाहेर देशोधडीस लागली. शेजारच्या मेजावर ड्वेन काका मॅग्नमसह हजर होतेच.

“प्लास्टिकची बंदूक!” काका साऱ्या मैदानाने ऐकावे ऐसे गर्जले. “हिच्यात वाळूत खेळायचं फावडंही येत असेल बघ बरोबर! हेडी, मचाणावरची उशी तेवढी राहू दे हं, मला लागेल.”

हेडीचे कान तांबडे जाहले. बंदूक खोटी, लायल खोटा, आपण खोट्या, आणि आजोबांचे मचाण आता या दाढीखाली जाणार, ऐसे तिच्या मनात आले. इतक्यात काकांनी, धडा घालून देण्याच्या आवेशात, आपली तोफ खांद्यास लाविली आणि चाप ओढिला. बोलण्याच्या भरात काडतुसे संपल्याचे त्यांच्या ध्यानी नव्हते. खट् ऐसा आवाज मात्र जाहला. परंतु काकांचे डोळे गच्च मिटले, खांदा उसळला, आणि नळी दाणा टिपणाऱ्या कोंबडीसारखी खाली गेली. बार जाहलाच नाही, तरी काका उडाले!

हेडी टक लावून पाहतच राहिली. मग ती उठली आणि बाबांपाशी गेली.

“बाबा, माझी बंदूक तुम्ही भरा. मी तोंड फिरवते. कधी काडतूस घाला, कधी घालू नका. मला सांगू मात्र नका.”

“का गं?”

“भरा तर आधी!”

बाबांनी न घालताच काळी हाती दिली. हेडीने चाप ओढिला, खट् जाहले, आणि तिचीही कोंबडी दाणा टिपून आली. तेव्हा गनिमाचा ठाव लागला. गनीम नळीत नव्हता, दुर्बिणीत नव्हता. गतसालच्या दणक्याने खांद्यात जे भय पेरले, तेच चाप ओढण्याआधी डोळे मिटीत होते, आणि काळी बिचारी जेथे नळी फिरे तेथे इमानाने गोळी पोचवीत होती.

“काका, तुम्हीही डोळे मिटता हो,” हेडीने प्रांजळपणे सांगितले. “एकदा बाबांकडून भरून घ्या ना.”

“मी?” काका तोफ पिशवीत कोंबीत म्हणाले. “तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मारतोय मी. डोळे मिटून पण मारीन!”

“तेच म्हणतेय मी.”

मग हेडीने तळघरात मोहीम मांडिली. काळी रिकामी आहे हे दोनदा तपासावे, मग भिंतीवरील दूध डेअरीच्या कॅलेंडरातील गायीच्या कपाळी नेम धरावा, श्वास सोडावा, आणि चाप ऐसा हळू दाबावा की खट् कधी होईल हे आपले आपणांस न कळावे. आजी वरून ओरडत, “मेली का गं गाय?” आणि ही खालून ओरडे, “डोळे उघडे ठेवून मेली!” त्यानंतर मैदानी जाऊन सौम्य बार काढिले, तो तीन भोके एका अक्रोडाखाली झाकावीत ऐसी जवळ पडली. बाबांनी तो कागद घडी करून खिशात घातला आणि तीस-शून्य-सहाचे नाव पुन्हा काढिले नाही.

मग हंगामाचा शनिवार उजाडला. साऱ्या प्रांताने भडक नारिंगी अंगरखे चढविले, ऐसे की उपग्रहास दिसावे परंतु हरणास दिसू नये, आणि फौजा बर्फातून मचाणोमचाण रवाना जाहल्या. ड्वेन काका शेजारच्याच मचाणावर, कोरा करकरीत सदरा घालून. थंडी ऐसी की हेडीच्या थर्मासातील कॉफीने हार खाल्ली. आणि मग काकांच्या बाजूने धडाड् जाहले, मग आणखी धडाड्, मग आणखी. फांद्या पडल्या, कावळे उडाले, आणि देवदारांतून एक थोर शिंगाळा नर, अंगास ओरखडाही नाही, दुडक्या चालीने हेडीपुढे येऊन मागे वळून पाहू लागला, जणू पाठीमागे कोण वेडा आहे ऐसे विचारीत होता.

हेडीचे काळीज घोड्यासारखे दौडत होते. खांदा म्हणाला, मीट डोळे. तिने श्वास सोडिला, गायीचे कपाळ आठविले, आणि डोळे उघडे ठेवून पाहत राहिली. बार आपसूक जाहला, तिलाच त्याचे नवल वाटले. हरीण चार उड्या गेले आणि बर्फात शांत पडले. ती खाली उतरली आणि तिने त्याच्या मानेवर हात ठेविला. आजोबाही ऐसेच करीत.

“माझीच गोळी लागली असणार त्याला!” काका धापा टाकीत आले. बाबांनी हरीण या अंगावरून त्या अंगावर पाहिले. गोळी एकच लागली होती, भोक साडेसहाचे होते. काकांच्या मचाणाखाली काडतुसांच्या तीन रिकाम्या पुंगळ्या बर्फात वाफाळत होत्या.

कॅम्पात शेगडी पेटली, सॉसेज तडतडू लागले, आणि आजींनी कायद्याप्रमाणे कात्री हेडीच्या हाती दिली.

“थोडंच काप हं,” काका पाठ करून उभे राहत म्हणाले. “नवा आहे गं सदरा.”

“काका, हलू नका. डोळे उघडे ठेवा.”

आणि हेडीने कापडापासून हातभर दूर, मोकळ्या हवेत, कात्री कचकन मिटविली. काका जागच्या जागी टुणकन उडाले, डोळे गच्च मिटलेले. आजी हसता हसता बाकावर बसल्या. बाबांना ठसका लागला.

“एवढं उडतो मी?” काकांनी जरा वेळाने हळूच विचारिले.

“एवढंच, काका. उद्या मी भरून देईन तुम्हाला.”

मग खरी शेपटी कापली गेली. तीवर काकांचे नाव व साल लिहिले, आणि ती भिंतीवर आजोबांच्या तांबड्या चौकडीवर ऐसी ठोकली की खालची पुरती झाकून गेली. मचाण हेडीकडे कायम. बंदूक काळी, दस्ता प्लास्टिकचा, खर्च सातशेच्या आत, काडतूस कामी आले एक. येणेप्रमाणे विजय रुजू जाहला. सॉसेज गरम आहेत, तूर्त येथेच लेखणी ठेविली.