लाल चिंध्यांचा याकोबतात्या

आमच्या पिंपळीत लाल कापड दोरीवर वाळत घालायची सोय राहिलेली नाही. याकोबतात्या येऊन मागतो. नुसता मागत नाही, दोरीखाली उभाच राहतो. माझा नवाकोरा लाल टॉवेल त्यानं असाच नेला आणि माझ्यादेखत टराटरा फाडला.

"शंकरराव, पुण्य लागंल तुमाला."

"पुण्य राहू द्या. अंग कशानं पुसू?"

"बाप हाय की वर."

हे त्याचं ठरलेलं. पाऊस नाही, बाप हाय की वर. कंबर धरली, बाप हाय की वर. रविवारी बारामतीला चर्चमध्ये जातो, आणि कारखाना सुरू झाला की रोज दिवस कलताना फाट्यावर उभा. उसाच्या ट्रॉल्या अडवतो आणि मागं लोंबणाऱ्या उसाला लाल चिंधी बांधतो. ड्रायव्हर वैतागतात. "म्हाताऱ्या, खेप बुडंल माझी." तात्या गाठ आवळत म्हणतो, "बुडू दे. तू पोच."

लोक त्याला येडा म्हणतात. मी शाळा फार शिकलो नाही, पण ही शहाणी माणसं मला ठाऊक आहेत. तात्याचा एकुलता पोरगा तिन्हीसांजेला मोटारसायकलवरून अशाच ट्रॉलीवर आदळला, तेव्हा हीच माणसं मोबाईलवर फोटो काढत होती. ट्रॉलीला मागं ना दिवा, ना चिंधी. ट्रॉली कळसच्या बबनची.

मी काठी घेऊन निघालो होतो. तात्यानं ती धरली. "ऱ्हाऊ द्या. म्या माफ केलंय त्याला."

मला ते आजही पटलेलं नाही. माझा पोरगा असता तर मी बबनला उसात गाडला असता, आणि त्या वरच्या बापालाही विचारलं असतं, तू तवा काय बघत हुतास?

बबननं ट्रॅक्टर सोडला. दर नाताळला तात्या त्याला जेवायचा निरोप धाडायचा. त्याची बायको, मार्थावहिनी, ताट वाढायच्या आणि झाकून ठेवायच्या. तो कधी आला नाही.

यंदा पोटानं त्याला पुन्हा ट्रॅक्टरवर बसवलं. परवा मी फाट्यावर तात्याशी हुज्जत घालत होतो, तर एक ट्रॉली न अडवताच थांबली. बबन उतरला. मान खाली.

"तात्या, चिंधी बांधा."

तात्यानं पिशवीतून चिंधी काढली, उसाभोवती घेतली. गाठ बसेना. पुन्हा घेतली, निसटली. डोळे झाकून गाठी मारणारा माणूस हा. मी खवचटपणे म्हणालो, "काय झालं? बाप हाय की वर."

तात्या माझ्याकडं न बघता हळूच म्हणाला, "माफ केलंय म्या, शंकरराव. पर हातांना अजून कळंना."

मी चिंधी त्याच्या हातातून घेतली. माझ्याच टॉवेलाची होती. गाठ मी मारली, बबनच्या तोंडाकडं न बघता.