गुहेतला आवाज

रविवारी सकाळी मी एक छोटासा निर्णय घेतला. मुलीच्या खोलीतला गोंगाट बंद पाडायचा. एकतीस वर्षं वार्ताहर आहे. तीन कारखाने बंद पाडले आहेत (एक आपोआप पडला, पण बातमी माझी होती). तिथे एका खोलीचं काय!

दार उघडलं. खिडकीबाहेर लख्ख ऊन आणि आत धो धो पाऊस. टेबलाभोवती मुलगी आणि तिचे तीन मित्र, हातांत पेन्सिली, मध्ये फासे. पाऊस टेबलाखालच्या स्पीकरमधून पडत होता.

"हे काय चाललंय?"

"खेळ, बाबा. मी गोष्ट सांगते, हे त्यातली माणसं होतात. काय करायचं ते हे ठरवतात, जमलं की फसलं ते फासे ठरवतात."

"आणि पाऊस कोण ठरवतं?"

"मीच. आवाज नसले तर भीती वाटत नाही."

"स्पीकरची भीती? अगं, मी लाठीमारात उभं राहून टिपणं घेतलीत!"

"मग बसा. तासाभरात एकदाही दचकला नाहीत, तर स्पीकर कायमचा बंद. दचकलात, तर पुन्हा तक्रार नाही."

मित्रांचे चेहरे पडले. आठ महिने चाललेल्या गोष्टीचा आज शेवट होता, असं त्यांच्यातला दाढीवाला म्हणाला. (तो दातांचा डॉक्टर होतोय. भीतीचं महत्त्व त्याला ठाऊक असणारच.) मी खुर्ची ओढली.

मला त्यांनी किल्ल्याचा पहारेकरी केलं. पाच मिनिटांत दारावर थाप पडली. मी उठून घराचं दार उघडून आलो. कुणी नव्हतं.

"काका, थाप किल्ल्याच्या दारावर पडली," चष्मेवाली मैत्रीण म्हणाली.

"मग तसं सांगायचं ना!"

थोड्या वेळाने बेल वाजली. आता मी फसणार नव्हतो. जागचा हललो नाही.

"बाबा, ही आपली बेल आहे."

"कशावरून?"

"किल्ल्याला बेल नसते."

(चार दिवस वाट पाहायला लावणारा प्लंबर तोवर जिना उतरून गेला होता.)

मग लांडगे झाले, विजा झाल्या, साखळदंड झाले. कुठे काय चाललंय ते मला कळत नव्हतं, पण दचकलो नाही. एक लांडगा तर मला दमलेला वाटला. तसं मी सांगितलंही. तास संपायला चार मिनिटं उरली. मी स्पीकरच्या वायरकडे प्रेमाने पाहू लागलो.

मुलीने सगळे आवाज थांबवले. हळूच म्हणाली, "किल्ल्याखालच्या गुहेच्या तळाशी काहीतरी जागं झालंय."

आणि तो आवाज आला. खोल, घोगरा, पोटातून ओढलेला. शब्द कळत नव्हते. पण त्या प्राण्यावर कुणीतरी घोर अन्याय केलाय आणि आज तो कुणाचं तरी नरडं धरणार, एवढं स्पष्ट होतं. भानावर आलो तेव्हा माझे दोन्ही पाय खुर्चीवर होते आणि चष्मेवालीचा दंड माझ्या मुठीत.

"दचकले! काका दचकले!"

"मान्य," मी म्हणालो. वस्तुस्थिती मी नाकारत नाही. "पण हा प्राणी कुठला? उत्तर हवंय मला!"

मुलगी उत्तर देणार तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायकोची हाक आली.

"अहो, आले, आले! चष्मा फ्रीजवर आहे. इतकं ओरडू नका!"

मी गोंधळलो. चष्मा माझ्या नाकावर होता. "मी कुठे ओरडलो?"

कुणीच माझ्याकडे बघेना. शेवटी मुलगी म्हणाली, "बाबा, परवा तुम्ही ऑफिसला फोन केला होता ना, बातमीचा दुसरा परिच्छेद कुणी कापला म्हणून? तो मी रेकॉर्ड केला. निम्म्या वेगाने लावला, एवढंच."

"माझा आवाज? मला न विचारता?" मी गरजलो.

दाढीवाल्याच्या हातातले फासे खाली पडले. चष्मेवालीने दोन्ही पाय खुर्चीवर घेतले.

मुलीने मात्र घाईघाईने मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला.

"बाबा, अस्संच पुन्हा एकदा! गुहेतला तो नुसता नोकर होता, मुख्य राक्षसाला आवाज सापडतच नव्हता."