नियम क्रमांक चौदाची गैरहजेरी

बेलसांगवीच्या शाळेतला नियम क्रमांक चौदा सोमवारपासून गैरहजर होता. दाराजवळच्या नियमांच्या फलकावर तेराखाली नुसती कोरी जागा दिसत होती. त्यात कुणाला विशेष वाटलं नाही. नियम झाला तरी त्याला ताप येतो, घरी लग्नकार्य निघतं.

मंगळवारी नववीतली पारू डोईफोडे व्हरांड्यातून या टोकापासून त्या टोकापर्यंत धावली. मुख्याध्यापक तावडे सरांनी तिला शनिवारच्या खो-खोच्या तालुका फायनलमधून वगळलं. पारूशिवाय संघ म्हणजे नुसते आठ गणवेश. गुरुवारी पी.टी.च्या खराडे बाई मैदानावर रेघा आखत होत्या, त्या चुन्याच्या हातांनीच ऑफिसात शिरल्या.

"सर, पोरीनं कुठला नियम मोडला?"

"चौदावा. व्हरांड्यात धावू नये."

"तो होता का मंगळवारी शाळेत? जो घरातच नाही त्याला धक्का लागलाच कसा?"

"बाई, आवाज खाली. हजेरीपट बघू."

या शाळेत प्रार्थनेनंतर आधी मुलांची आणि मग बावीस नियमांची हजेरी होई. ती सोनटक्के सर घेत, आणि गेली तीस वर्षं मान वर न करता घेत. मंगळवारच्या चौकटीत चौदापुढे ठसठशीत 'ह' होता.

"हे बघा. हजर."

"अहो, फलकावर जागा कोरी आहे! डोळ्यांवर विश्वास ठेवायचा, की सोनटक्क्यांच्या रेघोट्यांवर?"

"कागदावर, बाई. शाळा आहे ही."

बाई हलल्या नाहीत. एकवीस वर्षं पोरांच्या खोट्या हजेऱ्या पकडण्यात गेली होती. "असली हजेरी नेहमी शेजारचा नंबर देतो," त्या म्हणाल्या. "तेराला बोलवा."

शिपायानं नियम क्रमांक तेराला आणून उभं केलं. बाकावर नावे कोरू नयेत, हा तो नियम. जुना, सरळमार्गी. आल्यापासून तो जमिनीकडेच बघत होता.

"चौदाच्या नावाला 'हजर' कोण म्हणालं?"

तेरानं मान आणखी खाली घातली.

"अरे, बोल की. कुणी मारत नाही. मारू नये हा नववा आहे, आणि तो आलाय आज."

"मीच म्हणालो, बाई. दहा मिनिटांत येतो म्हणाला होता."

"गेलाय कुठं?"

"मैदानावर, कडुलिंबामागं. पारूताईंचा सराव बघत बसतो. कुणी धावताना त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. याला बघितलं की सगळे चालायलाच लागतात ना, बाई."

 मग तावडे सरांनी लाल शाईनं मंगळवारचा 'ह' खोडला, 'गै' लिहिलं आणि सही केली. पारूची शिक्षा रद्द झाली. चौदाला ताकीद मिळाली की यापुढं रीतसर अर्ज करावा. खोटी हजेरी दिल्याबद्दल तेरा शुक्रवार, शनिवार असे दोन दिवस निलंबित झाला.

"मित्रासाठी केलं त्यानं," बाई जाताना पुटपुटल्या.

"नियमाला मित्र नसतो, बाई."

"हा आणखी एक नियम. याची हजेरी कोण घेणार?"

शुक्रवारी चौदाचा अर्ज आला. उद्या तालुक्याची फायनल पाहणे असल्याने एक दिवसाची रजा मिळावी. सरांनी 'मंजूर' लिहिलं.

शनिवारी बसनं हॉर्न दिला आणि अख्खी शाळा व्हरांड्यातून धावत सुटली. सगळ्यांत पुढं तावडे सर होते, एका हातानं खिशातलं पेन सांभाळत. पारू पहिल्या डावात चार मिनिटं कुणाला सापडली नाही. कप बेलसांगवीला आला.

सोमवारी बावीसच्या बावीस नियम जागेवर होते. चौदा उन्हानं थोडा रापला होता. नववीच्या पहिल्या बाकावर मात्र 'पारू' असं खोल कोरलेलं होतं. पोराटोरांचं अक्षर नव्हतं ते, चांगलं वळणदार होतं, आणि खाचांत चुना भरला होता.

तावडे सर बराच वेळ वाकून बघत होते. दारात खराडे बाई शिट्टी पुसत उभ्या होत्या.

"कधीचं आहे हे?" सरांनी विचारलं.

"शनिवारचं, सर."

सरांनी हजेरीपट मागवला, शनिवारच्या रकान्यात तेरापुढचं 'निलंबित' वाचलं आणि तो मिटला. तासाची घंटा झाली. दोघंही व्हरांड्यातून आपापल्या कामाला निघाले. चालत.