मूळ, सुरक्षित, अतिसुरक्षित

एरवी दहा सेकंदांत उघडणारा नकाशा मंगळवारी दुपारी उघडायला चाळीस सेकंद लागले, तेव्हा बायकोने एकच प्रश्न विचारला.

"अहो, तुम्ही काय केलंत?"

"मी? मी कशाला काय करतोय?"

"मग लॅपटॉप असा का वागतोय?"

"त्यालाच विचार," असं दफ्तरदार म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. चष्मा स्वच्छ होता. बावीस वर्षांच्या संसारात बायकोला एवढं कळत होतं, की स्वच्छ चष्मा पुसला जातोय म्हणजे काहीतरी केलेलं आहे.

दफ्तरदार हे त्यांचं आडनाव नव्हे. एका कचेरीच्या अभिलेख कक्षात त्यांनी सव्वीस वर्षं काढली, म्हणून घरच्यांनी आणि पुढे शेजाऱ्यांनीही त्यांना हे नाव चिकटवलं. त्या कक्षाने त्यांना दोन गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे, आलेल्या सूचनेवर कार्यवाही झालीच पाहिजे. दुसरी म्हणजे, कुठल्याही कागदाला हात लावण्यापूर्वी त्याच्या दोन प्रती काढायच्या. पहिलीला 'सुरक्षित' म्हणायचं आणि दुसरीला 'अतिसुरक्षित'. घरातलं विजेचं बिल, मुलीची गुणपत्रिका, मिक्सरचं हमीपत्र, सगळं तीन-तीन प्रतींत कपाटात नांदत होतं.

बायकोच्या लॅपटॉपच्या कोपऱ्यात तीन आठवड्यांपासून एक सूचना येत होती. आतल्या डिस्कसाठी, म्हणजे सगळं साठवून ठेवणाऱ्या एसएसडीसाठी, नवं फर्मवेअर आलेलं होतं. फर्मवेअर म्हणजे डिस्कने कसं वागायचं हे तिला आतून सांगणारा छोटासा प्रोग्रॅम. बायको रोज 'नंतर' हे बटण दाबायची. तीन आठवडे एक सूचना कार्यवाहीविना पडून आहे, हे दफ्तरदारांना बघवत नव्हतं. मंगळवारी सकाळी बायको पुठ्ठा आणायला बाहेर गेली आणि त्यांनी कार्यवाही केली. शिस्तीचा माणूस असल्यामुळे त्यापूर्वी सूचनापत्राच्या नियमाप्रमाणे तीन छापील प्रती काढून फाइलला लावायलाही ते विसरले नाहीत.

"अपडेट तेवढं केलं," अखेर ते म्हणाले. "आलेलंच होतं."

"परवा सकाळी अकराला माझी समितीपुढे बैठक आहे हो!" बायको जवळजवळ रडकुंडीला आली.

रडू येण्यासारखंच होतं ते. एका बड्या आर्किटेक्टच्या ऑफिसात तिने एकोणीस वर्षं नकाशे काढले होते. काढायची ती, खाली नाव साहेबांचं. तीन महिन्यांपूर्वी नोकरी सोडून तिने स्वतःचं काम सुरू केलं, आणि पहिलीच संधी चालून आली होती ती सार्वजनिक वाचनालयाच्या नव्या इमारतीची. गुरुवारी समितीला नकाशे दाखवायचे होते. पुठ्ठ्याची प्रतिकृती होतीच, शिवाय लॅपटॉपवर अख्खं वाचनालय फिरवून दाखवायचं होतं. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये एक करड्या रंगाचा माणूस होता. तो दारातून आत यायचा, कपाटांमधून चालत खिडकीपर्यंत जायचा, आणि त्याला जे दिसेल ते बघणाऱ्याला दिसायचं. हे काम मिळालं असतं तर खाली पहिल्यांदाच तिचं स्वतःचं नाव आलं असतं.

"तू प्रतिकृती पुरी कर," दफ्तरदार म्हणाले. "लॅपटॉप माझ्यावर सोड. मी बिघडवलाय, मीच निस्तरतो."

बायकोला हे पटलं नव्हतं. पण पुठ्ठ्याच्या एकशे चाळीस खुर्च्या कापायच्या राहिल्या होत्या. तिने लॅपटॉप दिला.

दफ्तरदारांनी नवी वही काढली, पट्टीने रकाने आखले: उपाय, वेळ, शेरा. करडा माणूस दारातून खिडकीपर्यंत जायला किती वेळ घेतो, हे मोजायचं ठरलं. पहिली नोंद झाली सव्वा मिनिटाची. मग त्यांनी नेटवर शोध घेतला. उपायांना तोटा नव्हता. पहिला उपाय होता, लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करणे. उपाय साधा असला तरी नियम तो नियम. बायकोच्या सगळ्या कामाचं फोल्डर त्यांनी आधी दोनदा कॉपी केलं आणि एकाला 'सुरक्षित', दुसऱ्याला 'अतिसुरक्षित' नाव दिलं. दोन्ही त्याच डिस्कवर ठेवली. आपला कागद आपल्याच कपाटात असावा, परक्याच्या नव्हे, असं त्यांचं मत होतं.

लॅपटॉप पुन्हा सुरू झाला. वेळ दोन मिनिटं. शेरा: अंशतः बिघाड.

दुसरा उपाय, वेग मोजणारं सॉफ्टवेअर. आधी दोन प्रती. तिसरा उपाय, सफाई करणारं सॉफ्टवेअर. आधी दोन प्रती. चौथ्या उपायात लॅपटॉप चार जाडजूड पुस्तकांवर ठेवून खालून वारा घालायचा होता. लॅपटॉपला वारा घालण्याने आतल्या नकाशांना काय होणार, हा प्रश्न कुणालाही पडला असता, पण प्रती काढून ठेवल्याने कुणाचं काय बिघडतं, असा उलट प्रश्न दफ्तरदारांकडे तयार होता. प्रत्येक उपायाआधी मूळ फोल्डरच्या दोन प्रती निघत गेल्या आणि प्रत्येक उपायानंतर करडा माणूस आणखी सावकाश चालत गेला.

"काय म्हणतोय?" बाहेरून बायको विचारायची.

"प्रयत्न चालू आहेत."

"पण फरक पडतोय का?"

"फरक पडतोय," दफ्तरदार खरं तेच सांगायचे.

बुधवारी दुपारी बायकोचा धीर सुटला. हाताला डिंक तसाच ठेवून ती आत आली आणि खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली. करडा माणूस वाचनालयाच्या दारात एक पाय उचलून उभा होता.

"हा का थांबलाय?"

"थांबला नाहीये. चालतोय." दफ्तरदारांनी वही पाहिली. "मघाशी त्याला पलीकडे पोचायला एकवीस मिनिटं लागली."

बायको नुसती त्या उचललेल्या पायाकडे बघत बसली. बघण्यासारखं दुसरं काही पडद्यावर नव्हतंच. चार मिनिटं गेली, पाच गेली. मग ती एकदम पुढे वाकली.

"अहो, हे दार!"

"त्याला मी हात लावलेला नाही!"

"दार आत उघडतंय ना, ते वर्तमानपत्रांच्या टेबलावर आपटतंय. हा माणूस आत आला की मागचा बाहेरच अडकणार. काठी घेऊन येणाऱ्याने तर वळायचं कुठून?" तिने डिंकाचा हात कपाळाला लावला. "शंभरदा पाहिलंय मी हे. हा मेला भराभर आत जायचा, दाराकडे लक्षच गेलं नाही."

दफ्तरदार तत्परतेने म्हणाले, "म्हणजे उपायांचा उपयोग झाला."

"तुम्ही एक शब्द बोलू नका."

दार सरकतं करायचं ठरलं. पण करायचं कसं? एक रेघ पुसायला आता तीन मिनिटं लागत होती. शेवटी बायकोने धाकट्या बहिणीला फोन लावला. तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. आदल्या दिवशीच तिला बोलवावं असं बायकोच्या मनात आलं होतं, पण मेहुणीसमोर दफ्तरदारांची शोभा नको म्हणून ती गप्प बसली होती. आता शोभेचा विचार करण्यापलीकडे गोष्टी गेल्या होत्या.

मेहुणी तीनला आली. तिने पडद्यावर दोन ठिकाणी क्लिक केलं, थोडा वेळ वाट पाहिली आणि भाऊजींकडे वळली.

"भाऊजी, ही डिस्क काठोकाठ भरलीये. इतकी भरल्यावर कुठलीही एसएसडी रडतच चालणार. तिला आत हलायला जागाच नाही. एवढं भरलंय कशाने?" तिने यादी उघडली आणि मोठ्याने वाचायला लागली. "सुरक्षित. अतिसुरक्षित. सुरक्षित दोन. अतिसुरक्षित दोन..." ती आठवर पोचेपर्यंत बायको खाली बसली होती. "सोळा प्रती? ताईच्या एकाच फोल्डरच्या?"

"आठ उपाय केले," दफ्तरदार म्हणाले. "नियमाप्रमाणे सोळाच होतात."

"पण पहिल्यांदा हळू झालं ते तर प्रतींच्या आधी," बायको म्हणाली.

"ते अपडेटमुळे. काय सूचना होत्या त्यात? कागद ठेवलाय का, भाऊजी?"

हा प्रश्न दफ्तरदारांना अपमानास्पद वाटला. त्यांनी तीनही प्रती हजर केल्या. पहिल्या पानावर लाल पेन्सिलीने ओळन् ओळ अधोरेखित केलेली होती. मेहुणीने पान उलटलं. मागे चारच वाक्यं होती आणि ती कोरी राहिली होती.

"'नवे फर्मवेअर बसल्यावर डिस्क जुन्या माहितीची पुन्हा मांडणी करते,'" तिने वाचलं. "'त्यामुळे काही तास वेग कमी वाटेल. लॅपटॉप चालू ठेवावा. आणखी काहीही करू नये.'"

दफ्तरदारांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

"मागची बाजू मी पाहिली नाही," ते म्हणाले. सव्वीस वर्षांत असं झालं नव्हतं आणि त्यांना मनापासून वाईट वाटलं. "चुकलंच माझं."

बायकोने जमवून ठेवलेलं बरंचसं बोलणं त्या एका वाक्यामुळे वाया गेलं.

"चला, सोळाच्या सोळा काढून टाकते," मेहुणी म्हणाली.

"थांब!" दफ्तरदार उभे राहिले. "आधी त्यांची प्रत काढ."

"कशाची? प्रतींची?"

"प्रत काढल्याशिवाय मी आयुष्यात काही नष्ट केलेलं नाही."

मेहुणीने ताईकडे पाहिलं. ताईने हात जोडले, पण ते बहिणीला की नवऱ्याला, हे कळलं नाही. दुकानातल्या एका मोठ्या पोर्टेबल डिस्कवर सोळा प्रती उतरवल्या गेल्या, लॅपटॉप मोकळा झाला आणि मग कुणीही हात न लावता तो संध्याकाळपर्यंत नुसता चालू ठेवला. सहा वाजता नकाशा नऊ सेकंदांत उघडला. बायकोने दार सरकतं केलं. करडा माणूस तीरासारखा खिडकीपाशी गेला.

गुरुवारी तिने दफ्तरदारांना बरोबर नेलं. घरी ठेवले तर आणखी कशावर तरी कार्यवाही करतील, ही धास्ती होती. ते वही मांडीवर घेऊन मागच्या खुर्चीत बसले.

समितीत पाच जण होते, पाचही साठीच्या पुढचे. अध्यक्ष काठी टेकत आले. त्यांनी प्रतिकृती पाहिली, सरकतं दार बोटाने दोनदा सरकवून पाहिलं.

"आधीच्या तिघांनी ते दार टेबलावर आपटवलं होतं," ते म्हणाले. "तुमच्या कसं लक्षात आलं हो, बाई?"

"दारात बराच वेळ थांबून पाहिलं," बायको म्हणाली.

मग लॅपटॉप सुरू झाला. करडा माणूस आला, वळला, कपाटांमधून सुसाट निघाला आणि कुणी चष्मा सावरेपर्यंत खिडकीला टेकला. पाचही जण एकमेकांकडे बघायला लागले.

"काम तुम्हालाच द्यायचं, त्याबद्दल आमचं दुमत नाही," अध्यक्ष म्हणाले. बायकोचे डोळे भरून आले. "पण हा माणूस एवढा कुठे पळत सुटलाय? वाचनालयात आलाय ना तो? आम्हाला काहीच दिसलं नाही. जरा हळू चालवता येईल का याला?"

बायकोने सेटिंग उघडून पाहिलं. माणसाचा वेग जास्तच करता येत होता, कमी नाही. गेल्या दोन दिवसांत पहिल्यांदाच तिने मागे वळून नवऱ्याकडे रागाशिवाय पाहिलं.

दफ्तरदार उठले. खिशातून त्यांनी सोळा प्रतींची ती पोर्टेबल डिस्क काढली, मग वही उघडून रकान्यावर बोट ठेवलं.

"किती हळू हवाय तेवढं सांगा," ते अध्यक्षांना म्हणाले. "दोन मिनिटांपासून एकवीस मिनिटांपर्यंत सगळं आहे माझ्याकडे."