दामू घोरपडीची भांडी

आमच्या शेजारच्या यशवंतकाकांना जेवायला बोलावलं, की ते पाटावर बसण्याआधी स्वयंपाकघरात जातात आणि भांडी उचलून त्यांची बुडं बघतात. रिकामी भांडी असली तर कुणी काही म्हणत नाही. आमच्याकडे त्यांनी वालाच्या बिरड्याने भरलेला टोप डोक्याच्या वर धरून खालून बघितला होता. खाली ठेवला आणि म्हणाले, "नाय. हा तुमच्या सासूबाईंचा." बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. टोप मी उचलला नव्हता, पण काकांना बोलावलं मी होतं.

काका शोधत असतात ती दामू घोरपडीची भांडी. दामू रोह्याकडचा कबड्डीपटू. डाव्या कोपऱ्यात उभा राहायचा आणि चढाईला आलेल्याचा घोटा एकदा धरला की घोरपडीसारखा चिकटायचा, म्हणून हे नाव. त्या काळी आमच्या भागातल्या स्पर्धांत बक्षिसाला भांडी देत, आणि भांडं म्हटलं की त्यावर नाव घातलंच पाहिजे. त्यामुळे खाडीकाठच्या गावांत अजूनही असे टोप आणि कळश्या सापडतात, ज्यांच्या बुडावर नाहीतर गळ्यावर टिंबाटिंबांनी 'उत्कृष्ट पकड' कोरलेलं असतं. दामूने ती भांडी घरात ठेवली नाहीत. त्याला भाच्या पुष्कळ. प्रत्येकीच्या लग्नात मामाने एकेक बक्षीस आंदण म्हणून दिलं आणि महाराष्ट्रातल्या एका मोठ्या खेळाडूची कारकीर्द दोन तालुक्यांच्या मोऱ्यांमध्ये पांगली.

ती काका गोळा करतात. जन्मभर त्यांनी पेणच्या कारखान्यांत गणपतीचे डोळे रेखले, त्यामुळे झिजलेली अक्षरं वाचण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. भांड्यावर तांदळाचं पीठ चोळतात, फुंकर मारतात, आणि अक्षर वर आलं की डोळे मिटून सांगतात, "कोलाड. उपांत्य सामना. पाऊस पडून गेला व्हता. दोन पकडी." जुन्या भांड्याच्या बदल्यात ते तेवढंच नवंकोरं भांडं देतात.

ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. वडखळजवळच्या एका बाईने आपलं पोचे पडलेलं घमेलं दुकानात नेऊन त्यावर दामूचं नाव आणि 'उत्कृष्ट पकड' घालून घेतलं आणि काकांपुढे ठेवलं. घमेल्याचे पोचे जुने, अक्षरं कालची. काकांनी ते घेतलं, नवं घमेलं दिलं. मी बाहेर आल्यावर म्हटलं, "काका, हे खोटं आहे."

"तर काय. दामूला घमेलं कधीच मिलालं नाय."

"मग घेतलंत कशाला?"

"तिने दामूचं नाव तर घातलं ना. दुसऱ्या कोनाचं घालती तर?"

काकूंचं मत वेगळं आहे. "माज्या माहेरची भांडी माळ्यावर," त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "आन घोरपडीची शोकेसात. मेल्यावर माला तरी खाली ठेवा म्हनावं."

संग्रहात एकच भांडं नव्हतं. रोह्याच्या अंतिम सामन्यातला पितळी हंडा. तो सामना काकांनी पोरवयात कुंपणावर बसून बघितला होता आणि गेली कित्येक वर्षं आम्हाला ऐकवला आहे. शेवटची चढाई, दामू एकटा उरलेला, समोरच्याचा हात रेषेपासून वीतभर. वीतभर. कुणी 'हातभर' म्हटलं तर काका सामना पहिल्यापासून सुरू करतात. तो हंडा एकाही भाचीकडे निघाला नाही, म्हणजे दामूच्याच घरी, रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात. मी म्हणायचो, जाऊन या, तासाभराचा रस्ता आहे. काका मान हलवायचे. "देवलाबाहेर चपला राखनारा गाभाऱ्यात जात नाय."

परवा मात्र दामूच्या सुनेचाच फोन आला. त्यांचं बिऱ्हाड नवी मुंबईला हलत होतं, म्हाताऱ्या दामूलाही नेणार होते, आणि जुनं पितळ मोडीत घालायचं होतं. नवं भांडं देणारे काका तुम्हीच ना, असं तिने विचारलं. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला, नवाकोरा स्टीलचा हंडा मांडीवर घेतला आणि माझ्या स्कूटरवर मागे बसले. रोह्याचा पूल ओलांडेपर्यंत त्यांनी तो सामना एकदाही सांगितला नाही. काकांच्या बाबतीत ही तब्येतीची तक्रार समजावी.

दारात टेम्पो अर्धा भरलेला होता. सून आम्हाला थेट मागच्या मोरीपाशी घेऊन गेली. तिथे हंडा होता. आंघोळीचं पाणी तापवून तापवून तव्यासारखा काळा झालेला. शेजारी खुर्ची टाकून दामू घोरपड बसला होता. खांदे रुंद होते, पण सदरा त्यांवरून लोंबत होता.

"सकालपासून हितंच बसल्यात," सून म्हणाली. "तिकडं गिझर हाय, तरी ह्योच पायजे. बाबांना आता मानसं नीट आठवत नाईत, हंडा बरोबर आठवतो. तुमी घेऊन जा, म्हनजे भांडन तरी मिटंल."

काका उकिडवे बसले. चुलीतली राख घेतली, हंड्याच्या गळ्यावर चोळली. काजळी निघाली, पितळ दिसलं, आणि टिंबं वर आली. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. 'रोहा'. 'अंतिम सामना'. 'उत्कृष्ट पकड'. खाली 'दामोदर'.

"हात लावू नको," म्हातारा म्हणाला. आवाज चढवला नाही. फक्त खुर्चीतून पुढे वाकला आणि हंड्याचा काठ दोन्ही हातांनी धरला.

काका त्या हातांकडे बघत राहिले. मग त्यांनी राखेने भरलेला तळवा अक्षरांवर फिरवला आणि उठले.

"हा तो नाय गो," ते सुनेला म्हणाले. "नाव दुसऱ्याच कोनाचं हाय. माझ्या कामाचा नाय."

"मग मोडीत देते."

"मोडीत कशाला? तलाला भोक बुजवायला झाल मारलीय, मोडीत काय मिलनार नाय. हा नवा आनलाय तो तुला ठेव. आन ह्यो जाऊ दे म्हाताऱ्यासंगत. गॅलरीत ठेव, तुलस लाव. तू रोज पानी घाल, त्ये रोज बघतील."

नव्या हंड्यावर सुनेने बोट वाजवून बघितलं आणि हो म्हणाली.

जुना हंडा काकांनीच टेम्पोत नेला. सतरंजीत गुंडाळला, सुंभाने बांधू लागले. दामू काठी टेकत मागोमाग आला.

"तू कोन रे?"

"मी? भांडीवाला."

"मग नीट बांध. फायनलचा हाय तो."

काकांनी गाठ अर्धी सोडली. "आसं? काय झालं व्हतं फायनलला?"

म्हातारा टेम्पोच्या फळीवर बसला आणि सांगू लागला. त्याने सामना रोह्यावरून अलिबागला नेला. विरुद्ध संघ बदलला. रेष हातभर लांब होती म्हणाला. मी काकांकडे बघितलं. काका समोर जमिनीवर बसले होते आणि प्रत्येक वाक्याला म्हणत होते, "व्हय. मंग?"

ड्रायव्हरने हॉर्न दिला. काकांनी मागे न बघता हात वर केला.

"थांब रे. अजून मध्यंतर नाय झालं."