दीड दिवसात हिमशिखर

"हा नको. यात तू हरवलेल्या माणसासारखा दिसतोस. पेपरात 'आपण यांना पाहिलंत का' असं छापतात ना, तसा," ताई म्हणाली आणि तिने धाकट्याचा सहावा फोटो बाद केला.

धाकटा म्हणजे ताईचा भाऊ. वय छत्तीस, स्वभाव गरीब, काम भिंतींना वॉलपेपर लावण्याचं. ताईने आठ दिवस कानीकपाळी ओरडून त्याला डेटिंग ॲपवर आणला होता आणि आता प्रोफाइलला लावण्याजोगा एक फोटो मिळत नव्हता. प्रवासाचे फोटो लावले की मुली हमखास उत्तर देतात, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. माणूस हौशी वाटतो, बोलायला विषय मिळतो. अडचण एवढीच, की धाकटा जन्मात कुठे गेला नव्हता.

"अरे, हा बर्फाचा डोंगर! इथे कधी गेला होतास?" ताई एकदम ओरडली.

"दातांच्या डॉक्टरांकडे. कामाचे फोटो आहेत गं ते."

मालकाचा नियमच होता तसा. काम संपलं की कारागिराने भिंतीपुढे उभं राहून फोटो पाठवायचा. माणूस दिसला की भिंतीच्या उंचीचा अंदाज येतो. त्यामुळे धाकटा आपल्याच फोनमध्ये शंभरेक ठिकाणी उभा होता. कुठे धबधबा, कुठे समुद्र, कुठे बांबूचं बन, आणि सगळीकडे चेहरा एकच, दोन्ही हात खाली, शाळेच्या प्रार्थनेला उभा असल्यासारखा.

ताईने दिव्यांची बटणं कापली, पंखा कापला, जमिनीवरची गोंदाची बादली कापली. उरला तो एक फिरस्ता.

"ताई, हे खोटं आहे."

"खोटं कसलं? तू डोंगरापुढे उभा होतास की नाही?"

"होतो."

"मग झालं तर!"

ताईशी वाद घालण्यात अर्थ नसतो हे धाकट्याला बाळपणापासून माहीत होतं. त्याने हात टेकले. तिथेच चुकला.

तिसऱ्या दिवशी भूगोलाच्या बाईंचा मेसेज आला. पस्तिशीच्या, गावातल्याच एका शाळेत शिकवायला, आणि प्रश्न विचारण्यात भारी हौशी. 'शिखराला किती दिवस लागले हो?'

धाकट्याने खरं तेच लिहिलं. 'दीड दिवस. उजवा कोपरा अवघड होता.'

'उजवा कोपरा म्हणजे?'

उजव्या कोपऱ्यात एक्स-रेच्या खोलीचं दार होतं. 'म्हणजे शिखराची उजवी बाजू,' धाकट्याने लिहिलं आणि त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

'आणि वर हवा कशी असते?'

'कोरडी. डोळे चुरचुरतात. थोडा गोंदाचा वास येतो.' पाठवल्यावर त्याला घाम फुटला. घाईघाईने त्याने पुढे जोडलं, 'झाडांच्या डिंकाचा असेल.'

'अय्या! हे कुठल्याच पुस्तकात नाही!' बाईंनी लिहिलं.

कुठल्या पुस्तकात असणार? पण बाई खूश झाल्या आणि प्रश्नांची रांग लागली. भीक नको पण कुत्रं आवर, अशी धाकट्याची गत झाली. तरी मेसेज आला नाही की हा दर दोन मिनिटांनी फोन बघायचा. खरं काय ते त्याने तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. दोघं दोनदा चहाला भेटले. दोन्ही वेळा घरून निघताना त्याने ठरवलं होतं, आज सांगायचंच. पण बाई समोर बसल्या, हनुवटीखाली हात घेतला आणि त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "हं, सांगा." आजवर येणारा जाणारा त्याच्या मागची भिंत बघायचा. ही पहिली बाई, जी त्याच्याकडे बघत होती. ती तोंड फिरवेल या भीतीने त्याने पुन्हा धबधब्याचं पाणी किती गार होतं ते सांगितलं. घरी येऊन त्याला आरशात बघवेना.

"आता सांगून टाकतो," तो ताईला म्हणाला.

"सांग की. पण जरा रुळू दे तिला. एवढ्यात कशाला?"

रुळायला वेळच मिळाला नाही. दुसऱ्याच दिवशी बाईंचा फोन. "आमच्या सातवीच्या वर्गापुढे बोलायला याल का? फोटो दाखवा, अनुभव सांगा. मोठ्या बाईंना मी सांगूनही टाकलंय. त्या स्वतः ऐकायला बसणार आहेत."

धाकट्याला 'नाही' म्हणायचं होतं. जिभेने 'हो' म्हटलं.

बुधवारी तिसऱ्या तासाला तो वर्गात उभा राहिला. पुढे बेचाळीस मुलं, शेवटच्या बाकावर चष्मा पुसत बसलेल्या मुख्याध्यापिका, आणि फळ्याशेजारी, नवी साडी नेसलेल्या, अभिमानाने फुललेल्या भूगोलाच्या बाई. पडद्यावर हिमशिखर उमटलं. एवढं मोठं करूनही कागदाचा सांधा कुठे दिसत नव्हता. धाकट्याला क्षणभर बरं वाटलं आणि मग बरं वाटल्याचीच लाज वाटली.

"तर मुलांनो," त्याने सुरुवात केली.

दुसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. तिच्या दातांना तारा होत्या. "काका, हा डोंगर आमच्या दातांच्या डॉक्टरांकडे आहे."

वर्ग हसला. बाईही हसल्या. "अगं, तसलाच असेल."

"नाही बाई, हाच. तारा आवळताना मी त्या टोकाकडेच बघते. दुखतं ना, म्हणून."

"बरं, पुढचा फोटो दाखवा," बाई जरा घाईने म्हणाल्या.

पुढचा धबधबा होता. "हा आमच्या मावशीच्या पार्लरमध्ये आहे!" खिडकीजवळून आवाज आला. बांबूचं बन एकाच्या वडिलांच्या बँकेत निघालं. आता एकही मूल हसत नव्हतं. सगळी डोळे बारीक करून पुढच्या फोटोची वाट बघत होती. धाकट्याची पाचावर धारण बसली. गाव एक, मुलं त्याच गावातली, आणि भिंतीही त्याच गावातल्या, हे या शहाण्याच्या आता ध्यानात आलं. समुद्र तरी तारेल म्हणून त्याने बटण दाबलं.

वर्ग गप्प राहिला. धाकट्याने श्वास सोडला. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून मुख्याध्यापिका सावकाश उठल्या.

"हा समुद्र," त्या म्हणाल्या, "आमच्या झोपायच्या खोलीत आहे."

बोलून गेल्या आणि लालबुंद झाल्या. पण धाकट्याची अवस्था बघायला नको. धरणीमाता दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. त्याने बाईंकडे बघितलंच नाही. जमिनीकडे बघत तो म्हणाला, "मुलांनो, मी कुठेच गेलेलो नाही. मी भिंतींना कागद लावतो. कागद मात्र मी चांगला लावतो. पण तुमच्या बाईंना मी खोटं सांगितलं. त्यांचा यात काही दोष नाही."

तारांच्या मुलीचा हात पुन्हा वर. "मग काका, शिखरावर येतो तो डिंकाचा वास?"

"गोंदाचा होता तो, बाळ." मग त्याला एकदम आठवलं, हे तर त्याने फक्त बाईंना लिहिलं होतं. "पण तुला कसं माहीत?"

"वहीत आहे ना! 'शिखरावरील हवा कोरडी असून तिला डिंकाचा वास असतो.' बाईंनीच लिहून दिलंय. बाई स्वतः जाऊन आल्यात."

बेचाळीस माना फळ्याकडून बाईंकडे वळल्या. मुख्याध्यापिकांची त्रेचाळिसावी. बाईंनी पदर सारखा केला, तो सारखाच होता. मग पुन्हा केला.

"दोघंही माझ्या खोलीत या," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

खोलीत दोघं शेजारी शेजारी उभे राहिले. बोलणं थोडकंच झालं. सातवीच्या सगळ्या वह्या आजच्या आज दुरुस्त करायच्या, दोघांनी मिळून. आणि धाकट्याने जाताना जरा त्यांच्या घराकडून जावं, समुद्राचा खालचा कोपरा सुटायला लागलाय.

शिक्षकांच्या खोलीत त्या वेळी कुणी नव्हतं. टेबलावर वह्यांचा गठ्ठा आणि दोन लाल पेनं. धाकटा ओळ खोडायचा, बाई शेजारी सही करायच्या.

"मला फार लाज वाटतेय," चार वह्या झाल्यावर धाकटा म्हणाला. "तुम्ही मला इथून जा म्हणालात तरी मी समजेन."

"मी कुठल्या तोंडाने म्हणू?" बाई म्हणाल्या. "बारा वर्षं शिकवतेय. दर वर्षी मुलं विचारतात, 'बाई, तुम्ही पाहिलंय का?' आणि मी म्हणते, 'नकाशात बघा.' या वर्षी तुमचे मेसेज वाचले, आणि तोंडातून 'हो' निघून गेलं. इतकी गप्प बसून ऐकत होती हो पोरं! बारा वर्षांत तशी कधी बसली नव्हती."

"उद्या काय सांगाल त्यांना?"

"खरं. दुसरं काय उरलंय?" त्यांनी डोळे टिपले आणि पुढची वही ओढली. जरा वेळाने वहीतच बघत म्हणाल्या, "इथून बसने दोन तासांवर एक डोंगर आहे. फार उंच नाही. मी एकटी कधी गेले नाही. रविवारी येता का? फोटो काढायचा नाही."

धाकट्याच्या हातातलं पेन थांबलं. हो म्हणायला जीभ वळवळत होती. या वेळी त्याने ती आवरली.

"यायचंय हो," तो म्हणाला. "पण सांगूनच टाकतो. मला उंचीची भीती वाटते. शिडीवरसुद्धा चौथ्या पायरीच्या वर गेलो की डोळे मिटून काम करतो. आणि बसमध्ये मला उलट्या होतात."

बाईंनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं. मग त्या हसल्या, पुन्हा डोळे टिपावे लागतील इतकं हसल्या.

"अरे, मग हे लिहायचं होतंस की प्रोफाइलवर," त्या म्हणाल्या आणि अर्ध्या वह्या त्याच्यापुढे सरकवल्या.