डोळ्याखालचं क्रियापद

मूळ ग्रीक वाचणारा पाळक अख्ख्या सातारा जिल्ह्यात दुसरा शोधून दाखवा, असं जयराज वायदंडे कुणाला म्हणत नसत; पण त्यांच्या चालण्यावरूनच ते कळायचं.

कोरेगावातल्या एका छोट्या चर्चचे ते पाळक. येत्या रविवारी त्यांना लूकच्या शुभवर्तमानातल्या चिवट विधवेवर बोलायचं होतं. ती न्याय मागायला सारखी न्यायाधीशाकडे जाते. शेवटी तो कंटाळतो, ही बाई मला बेजार करील म्हणतो आणि तिचं काम करून टाकतो. पण मूळ शब्द 'बेजार' नाहीच. तो आहे 'हुपोपिआझो'. बायबलच्या नव्या करारात हे क्रियापद दोनदाच येतं. 'हुपो' म्हणजे खाली आणि 'ओप्स' म्हणजे डोळा. मुष्टियोद्ध्यांचा शब्द. ठोसा मारून डोळ्याखाली काळंनिळं करणं!

खात्री करायला जयराज स्टुलावर चढले आणि वरच्या फळीवरचा जाडजूड ग्रीक कोश ओढू लागले. तेवढ्यात दारातून हाक आली.

"पाळकसायेब, हाय का घरात?"

या बनुबाई. चर्चच्या कडुलिंबाची फांदी त्यांच्या घराच्या पत्र्यावर टेकली होती. ती तोडा म्हणून ही विधवा बाई उन्हाळ्यापासून खेटे घालत होती आणि जयराज "पंच बसले की बघू" म्हणून तिला वाटेला लावत होते. हाकेनं ते दचकले, कोश निसटला आणि त्याचा कोपरा नेमका डोळ्याखाली बसला. बाहेर बनुबाईंना नुसती आदळआपट ऐकू आली. पाळक आपल्यावरच चिडले असं समजून त्या तणतणत निघून गेल्या.

दुपारपर्यंत डोळा वांग्यासारखा झाला. शेजारचे गादीवाले चांदसाहेब म्हणाले, "आवं, डोळ्याला काय झालं?"

जयराजना विनोद सुचला. "लूकमधली विधवा. न्यायाधीशाला सोडून मलाच लागली."

चांदसाहेबांना लूक ठाऊक नव्हता. पण बनुबाईंना तणतणत जाताना त्यांनी पाहिलं होतं.

संध्याकाळी चर्चचे पंच भाऊसो आणि नाथाजी कोयता घेऊनच आले.

"बाईनं हात उचलला म्हनं?"

"छे हो. ते क्रियापद आहे. हुपो म्हणजे खाली..."

"खालीच लागलंय, दिसतंय की," भाऊसो म्हणाले. मग नाथाजींच्या कानाशी लागून, "मार डोक्यापतुर गेलाय रं."

अंधार पडायच्या आत फांदी खाली आली. गावानं बनुबाईंना विचारलं, तर त्या 'हो' म्हणाल्या नाहीत आणि 'नाही'ही म्हणाल्या नाहीत.

"रविवारी सगळ्यांसमोर खरं काय ते सांगून टाका," माया, जयराजची बायको, म्हणाली.

जयराजनी सांगितलं. धातू, व्युत्पत्ती, मुष्टियुद्ध, शेवटी फळीवरचा कोश. लोकांनी माना डोलावल्या. "आपल्या पाळकाचं मन लय मोठं," मागून कुणीतरी हळूच म्हणालं.

उपासना सुटली तेव्हा चांदसाहेब फाटकात बनुबाईंची वाट बघत उभे होते.

"आक्का, माजं लाइटीच्या मीटरचं काम अडलंय. उद्या हापिसात संगं येता का? काय बोलू नका, नुसतं हुबं ऱ्हावा."

"उद्या न्हाई जमायचं," बनुबाई म्हणाल्या. "उद्या पाळकांकडं जायचंय. मागचं गटार तुंबलंय."

जयराजनी ते ऐकलं आणि झगासुद्धा न उतरवता ते फावडं शोधायला गेले.